उजव्या हाताखाली मध नाही

मी लिंडेनच्या लाकडाची एक फळी बोलते आहे. लांबी दीड हात, रुंदी एक हात, आणि पोटात राग. जिच्यावर कधीकाळी संताचे चित्र होते, तिच्या तोंडी क्षमेची भाषा शोभली असती, हे मी जाणते. परंतु माझ्यावरचा संत कुऱ्हाडीने तासून काढला गेला. त्याच्याबरोबर क्षमाही गेली.

व्होल्गाकाठच्या एका मठात मी घडले. ज्या साधूने मला रंगवले, तो चाळीस दिवस उपवास करी आणि मगच कुंचल्याला हात लावी. दोनशे वर्षे माझ्यापुढे मेणबत्त्या तेवल्या, भाविकांचे ओठ माझ्यावर टेकले. मग नवे राज्य आले. त्यात देवाला जागा नव्हती. देवळात बटाट्यांचे कोठार झाले आणि मला तासून सरपणात फेकले. ग्लाफिरा नावाच्या एका शेतकरणीने मला शालीखाली लपवून घरी नेले आणि आंबवलेल्या कोबीच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवले. पिंप झाकताना ती रोज माझ्यावर बोटाने क्रूस रेखी. माझी पूजा चुकली नाही. त्या पूजेला फक्त कोबीचा वास येऊ लागला.

म्हातारपणी ग्लाफिरा पिंपासकट शहरात आली. तेथे पाच बिऱ्हाडांत मिळून एक स्वयंपाकघर होते. शेजारच्या खोलीत रोदिओन हा चित्रकार आणि त्याची बहीण वर्वारा राहत. वर्वारा संग्रहालयात जुनी देवचित्रे दुरुस्त करी. रोदिओनची चित्रे मात्र कोणत्याच भिंतीवर लागत नसत, कारण त्यांत राज्याला हवा असलेला ना ट्रॅक्टर असे, ना हसरा मजूर.

"ग्लाशाआजी," रोदिओन ग्लाफिराला लाडाने म्हणाला, "हे झाकण दे मला. नवं करून देतो."

"आणि माझ्या कोबीनं काय पाप केलंय? नव्या लाकडाला राळेचा वास मारतो."

"तुझंच चित्र काढतो त्यावर."

"माझं? मेल्या, दात तरी उरलेत का मला!"

त्याने तिला बटाटे सोलताना रंगवले. पायांशी सालींचे घमेले, हातात बोथट सुरी आणि मस्तकामागे सोन्याची प्रभावळ. माझे देऊळ मला परत मिळाले.

एका रविवारी त्याने वाळत घातलेल्या कपड्यांमधून आपली चित्रे त्या स्वयंपाकघरात टांगली आणि मित्रांना बोलावले. न बोलावता आला तो क्लावदी एरास्तोविच, शहराच्या कलावंत संघाचा अध्यक्ष.

"बटाटे सोलणारी थेरडी, आणि तिला प्रभावळ?" तो म्हणाला. "हा माणूस वेडा आहे."

तेच त्याने कागदावर लिहिले आणि खाली सही केली. त्या एका सहीवर रोदिओनला वेड्यांच्या इस्पितळात नेले आणि त्याची चित्रे अंगणात जाळली. अध्यक्षाची पाठ वळताच आजीने मला पिंपावर परत ठेवले होते. चित्रावर मेणकापड, त्यावर दगड.

"यात काय आहे गं, म्हातारे?" झडतीला आलेल्या शिपायाने दरडावले.

"कोबी. उघड की, लेका. जेवून आलायस ना?"

शिपाई नाक दाबून निघून गेला.

अकरा महिन्यांनी इस्पितळातून रोदिओनची टोपी परत आली. टोपीच तेवढी. त्याच थंडीत आजीही गेली, आणि मी वर्वाराकडे आले. जगात रोदिओनच्या हातचे आता एकच चित्र उरले होते, आणि ते कोणालाही दाखवणे हा गुन्हा होता.

मग एक दिवस क्लावदी स्वतः वर्वाराकडे चालत आला.

"वर्वारा लव्रेंत्येव्हना, झालं गेलं विसरून जा. माझी साठी आहे. माझं चित्र काढा, मुरलेल्या जुन्या लाकडावर. शंभर वर्षं टिकलं पाहिजे."

वर्वारा खाली मान घालून म्हणाली, "मुरलेली फळी आहे माझ्याकडे, क्लावदी एरास्तोविच."

देवचित्र दुरुस्त करणारे लोक वरच्या रंगाचा लहानसा चौकोन काढून खालचे जुने चित्र पाहतात. त्याला ते खिडकी उघडणे म्हणतात. वर्वाराने जन्मभर खिडक्या उघडल्या. आयुष्यात प्रथमच तिने एक बंद केली. आजीच्या चित्रावर तिने मध आणि डिंक यांचा हात फिरवला, कारण मधाला पाणी लागले की तो वरच्या रंगाला धरून ठेवत नाही. त्यावर तेलरंगात क्लावदी रंगवला: छातीवर पदके, उजव्या हातात लेखणी. केवळ त्या हाताखाली तिने मध लावला नाही. "तू इथंच राहा," ती त्या हाताला म्हणाली. मला तेव्हा उमगले नाही.

संघाच्या दालनात चहाचे पाणी सतत उकळत ठेवणाऱ्या समोवाराच्या थेट वर मला टांगले. तीन हिवाळे लोक त्यातला चहा पीत आणि क्लावदीच्या रूपाची वाखाणणी करीत. तीन हिवाळे ती वाफ मी श्वासाश्वासाने प्याले. जपमाळ ओढावी तसे मी एकच नाव ओढत होते, क्लावदीचे.

चौथ्या हिवाळ्यात राजधानीहून पाहुणे आले. क्लावदी खऱ्या कलेवर बोलत असताना त्याच्या चित्रातल्या गालाचा एक पोपडा त्याच्याच चहात पडला. कोणी तरी हसू दाबले.

"धूळ बसलीय," असे म्हणत त्याने टॉवेल कढत पाण्यात बुडवला आणि माझ्यावर खसाखसा फिरवला. नाक गेले. कपाळ गेले. तो जितका पुसत होता, तितका स्वतःच पुसला जात होता. पदकांच्या जागी सुरी निघाली, कपाळाच्या जागी आजीचे बोळके हसू लागले, आणि तिच्या मागे सोने झळकले.

"हे... हे कोणाचं?" पाहुण्याने विचारले.

मागच्या बाकावरून वर्वारा उभी राहिली. "माझ्या भावाचं. रोदिओन लव्रेंत्येविचचं. खिडकी मात्र अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं उघडली."

वर्वाराला उत्तरेकडे, मासे खारवण्याच्या कारखान्यात धाडले. भावाची टोपी घालून ती गाडीत चढली. परतली नाही. आणि क्लावदी? "काय हो, आज सोलून आलात का?" असे बाजारातले भाजीवालेही त्याला विचारू लागले. ज्याच्या सहीला शहर थरथरत होते, त्याला शहर हसू लागले. वसंत येण्याआधी त्याने शहर सोडले.

मला जप्त करून तळघरात टाकले. आता ते राज्य नाही. मी संग्रहालयाच्या भिंतीवर आहे आणि खाली रोदिओनचे नाव आहे. परवा दुरुस्तीवाल्या बाई आल्या होत्या. भिंग लावून म्हणाल्या, "खाली घमेल्यात हा परका हात राहिलाय. काढून टाकू या?"

बाई, हात जोडून विनवते, तो काढू नका. बाकी सारा क्लावदी पाण्याने वाहून गेला. हा हात तेवढा वर्वाराने माझ्या हवाली केला आहे. लेखणी धरलेला तो हात बटाट्याच्या सालींत पडला आहे, आणि आजीची सुरी त्याच्यावर रोखलेली आहे. शंभर वर्षे टिकायला हवे, असे क्लावदीच म्हणाला होता.

टिकू द्या.