आरपार दिसणारी लादी

द्राक्षांचा हंगाम संपला की हर्षाली मौलेचं कामही संपायचं. पिंपळगावच्या एका शीतगृहात ती सहा वर्षं माल तपासायला जात होती. जानेवारीपासून अंगावर दोन-दोन स्वेटर चढवून पेट्यांमधून फिरायचं आणि एप्रिल उजाडला की मखमलाबादला घरच्या मळ्यात सासऱ्यांच्या हाताखाली मोगरा तोडायचा, असं तिचं वर्ष ठरून गेलेलं होतं. नवरा भारत सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला होता. घरात कशाला कमी नव्हतं, पण उरलेले आठ महिने हर्षालीचं डोकं रिकामं राहायचं, आणि रिकामं डोकं तिला सोसायचं नाही.

तिचा शाळेतला मित्र रविराज गंगापूर रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलात बार सांभाळत होता. त्याच्या मुलीच्या बारशाला हर्षाली गेली होती, तेव्हा तो बर्फावरून करवादला होता. त्याच्या गिऱ्हाइकांना आता पेल्यात काचेसारखा स्वच्छ, दोन इंची, कोपरे धारदार असलेला बर्फाचा ठोकळा हवा असायचा. तो मुंबईहून थर्माकोलच्या पेटीतून यायचा आणि कसारा घाट चढेपर्यंत त्याचे कोपरे झिजून साबणाची वडी व्हायची.

"नाशिकमध्ये कुणी करत नाही?" तिने विचारलं.

"करतात की. पोटात दुधासारखा पांढरा. तसला तर माझ्याकडंही मशीनमधून पडतो."

गाडीवर मागे बसून घरी येताना तिने भारतला सांगून टाकलं, की हा बर्फ आपण करायचा. भारत म्हणाला, आधी एक तुकडा करून दाखव, मग बोलू.

तो एक तुकडा करायला तिला तीन आठवडे लागले. मोबाइलवर बघून तिने पाणी एकदा उकळलं, मग दोनदा उकळलं, मग फिल्टरचं घेतलं. बर्फ व्हायचा, पण मधोमध पांढरा गोळा कायम. एका दुपारी तो फोडून बघताना तिला शीतगृहातली द्राक्षं आठवली. तिथे गार वारा एकाच बाजूने सोडत, कारण चहूकडून गारठा आला की मधला माल कोंडतो. भांड्यातलं पाणीही चहूबाजूंनी गोठत होतं आणि आतली हवा मधे अडकून पडत होती. तिने सहलीला नेतात तशी जाड भिंतींची पेटी आणली, तिचं झाकण काढून टाकलं आणि पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवली. आता गारठ्याला फक्त वरूनच वाट होती. दुसऱ्या दिवशी वर तीन बोटं जाडीची लादी धरली होती. हवा आणि गाळ खालच्या पाण्यात राहिला होता, तो तिने ओतून दिला. लादी पुसून तिने खाली वर्तमानपत्र धरलं. तिच्यातून राशिभविष्य वाचता येत होतं.

भारतने आपल्या राशीचं वाचलं आणि त्याच आठवड्यात बंद पडलेल्या आईस्क्रीमच्या दुकानातला आडवा फ्रीजर टेम्पोत घालून आणला.

सासरे मात्र बाजूलाच राहिले. रंगनाथ मौले गळ्यात माळ घातलेला माणूस. त्यांनी सुनेला जवळ बसवून शांतपणे विचारलं, "दारूच्या गिलासात जायचंय ना हे?"

"हो नाना. सरबतातही जाईल, पण जास्त करून तिकडंच."

"मंग माझा हात लागायचा नाय त्याला. तू कर. मी आडवा येणार नाय."

त्यांच्याकडून एवढंही पुष्कळ होतं, असं मानून हर्षाली कामाला लागली.

पुढची अडचण कापण्याची होती. लादी फ्रीजरमधून काढून करवत लावली की तडकन आरपार चीर जायची. चार लाद्या वाया गेल्यावर ती पंचवटीतल्या गोळेवाल्याकडे गेली, आणि त्याने तिला वाळूबाबांचं घर दाखवलं. वाळूबाबांनी बर्फाच्या कारखान्यात एकतीस वर्षं लाद्या काढल्या आणि कापल्या होत्या. कारखाना बंद झाल्यापासून ते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला वेळ विचारत. हर्षालीने तडकलेला तुकडा डब्यातून नेला होता. त्यांनी तो उन्हाकडे धरला आणि सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला.

"आम्ही डब्यात हवेची नळी सोडायचो, तरी मधे पांढरं राहायचंच," ते म्हणाले. "असा माझ्या हातून कधी झाला नाय. पण पोरी, तुला घाई लय. फ्रीजमधून काढला की बर्फ घाबरलेला असतो. त्याला घाम फुटू दे, अंगावरची पांढरी भुकटी जाऊ दे, मंग करवत लाव."

दुसऱ्या दिवसापासून वाळूबाबा सकाळच्या सिटी बसने मखमलाबादला येऊ लागले. लादी बाहेर काढायची, अर्धा तास तिच्याकडे बघत चहा प्यायचा आणि ती चकाकली की बारीक दातांची करवत चालवायची. ठोकळे असे आरपार सुटे व्हायचे की पत्र्याच्या ताटात ठेवल्यावर मोजायला हात लावून बघावं लागे. रविराजने पहिला डबा उघडला आणि मुंबईच्या माणसाला फोन करून पुढचा माल नको म्हणून कळवलं.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी धरणाजवळच्या एका रिसॉर्टवर साखरपुड्याची दुपारची पंगत होती. तिथलं पेयांचं काम रविराजकडे होतं आणि त्याने दोनशे ठोकळे मागितले होते. शंभर शनिवारीच त्याच्याकडे पोचले. उरलेल्या शंभरांसाठी तीन पेट्या फ्रीजरमध्ये लावलेल्या होत्या.

रविवारी सकाळी हर्षाली फ्रीजरपाशी गेली तर झाकण बोटभर उघडं. आत पेट्यांच्या वर ओल्या गोणपाटाची दोन गाठोडी होती. गाठोड्यांत मोगऱ्याच्या कळ्या, गोठून तपकिरी पडलेल्या. खाली लादी धरली होती ती जेमतेम इंचभर. दोन इंची ठोकळा तिच्यातून निघणं शक्य नव्हतं, आणि नवी लादी धरायला वेळही उरला नव्हता.

रंगनाथ दारात उभे होते. फुलबाजारातला व्यापारी शुक्रवारी आणि शनिवारी आला नव्हता. दोन दिवसांच्या कळ्या उकाड्यात उमलून जातील म्हणून त्यांनी संध्याकाळी कुणाला न विचारता त्या आत ठेवल्या होत्या. थोडा गारवा लागला की टिकतील, एवढाच त्यांचा हिशोब. हर्षालीला राग आला होता. पण म्हाताऱ्याचा स्वतःचाही माल गेला होता. तिने राग गिळला. आणि गाठोडी उचलून बाहेर ठेवली.

तेवढ्यात वाळूबाबा आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, लादीवर बोट टेकवून जाडी पाहिली आणि म्हणाले, "ठोकळा नाय निघायचा. पण आडवी जाडी नसंल तर उभं कापावं. गिलास सगळे बुटकेच असत्यात का तिथं?"

हर्षालीने लगेच रविराजला फोन लावला. उंच पेले आहेत का? सरबतांसाठी आहेत म्हणाला, आणि चिडलाही. दोनशे सांगितले होते ना, ठोकळेच हवेत ना. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, शंभर ठोकळे तुझ्याकडे आहेतच, बाकीचं मी घेऊन येते. नाही आवडलं तर पाहुण्यांसमोर मांडू नकोस.

लाद्या बाहेर काढल्या. पातळ लादी कापताना एकाने ती दोन्ही हातांनी धरून ठेवावी लागते, नाहीतर ती थरथरून फुटते. भारत टेम्पो आणायला गेला होता. हर्षालीने इकडे-तिकडे पाहिलं. रंगनाथांनी हात धुतले, धोतराचा सोगा खोचला आणि लादीच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसले.

"नाना, राहू द्या," ती म्हणाली.

"करवत धर सरळ," ते वाळूबाबांना म्हणाले. "माझी बोटं गारठायच्या आत काप."

दोघं म्हातारे दीड तास त्या लाद्यांना भिडले होते. आधी बोलणं बेताचं होतं. मग वाळूबाबांनी कारखान्यातल्या गोष्टी काढल्या, रंगनाथांनी फुलबाजारातल्या, आणि दोघांनाही आठवणारा एक जुना, लबाड टांगेवाला निघाल्यावर तर रंगनाथ हसून हसून लादी सोडतील की काय अशी हर्षालीला भीती वाटली. इंचभर जाडीच्या, चार इंच लांबीच्या नव्वद कांड्या निघाल्या.

रिसॉर्टवर रविराजने डबा उघडला, एक कांडी उंच पेल्यात उभी केली आणि वरून कोकमाचं सरबत ओतलं. कांडी दिसेनाशी झाली. लाल सरबत तेवढं पेल्याच्या काठापर्यंत उभं होतं. त्याने पेला उचलून डोळ्यांसमोर फिरवला आणि बाकीचे पेले मांडायला सांगितले.

रंगनाथ आणि वाळूबाबाही टेम्पोबरोबर आले होते, पण रंगनाथ मांडवात येईनात. हर्षालीने त्यांच्यासाठी लिंबाचं सरबत बाहेर आंब्याखाली नेऊन दिलं. त्यांनी पेल्यात डोकावून पाहिलं.

"यात बर्फ टाकायचा विसरलीस."

"टाकलाय नाना. हलवून बघा."

त्यांनी पेला हलवला. आत किण् किण् वाजलं. त्यांनी पुन्हा हलवला, मग एक घोट घेतला, आणि कपाळाला आठ्या घालून वास घेतला. "मोगऱ्याचा वास येतोय का गं याला?"

खरंच येत होता, अगदी पुसट. हर्षालीने लाद्या वरून धुतल्या होत्या तरी उरलाच होता. ती घाबरून आत गेली, तर वराची आत्या सरबताचा तिसरा पेला मागत होती आणि यात कसला अर्क घातलाय ते सांगा, म्हणून रविराजच्या मागे लागली होती. रविराजने हर्षालीकडे बोट दाखवलं. हर्षालीने आत्याबाईंना सगळं खरं सांगून टाकलं, गोणपाटाच्या गाठोड्यांसकट. त्या पोट धरून हसल्या आणि त्यांनी आपल्या मुलीच्या डोहाळजेवणाची तारीख तिथल्या तिथे देऊन टाकली. बर्फ असाच हवा, वासासकट.

परतताना टेम्पोत पुढे तिघांचीच जागा होती. भारत गाडी चालवत होता, दोघं म्हातारे शेजारी बसले होते आणि हर्षाली मागे रिकाम्या डब्यांपाशी. पुढून बोलणं ऐकू येत होतं. रंगनाथ वाळूबाबांना विचारत होते, की डोहाळजेवणाच्या बर्फाला कळ्या किती लागतील, आणि त्या पेटीच्या वर फडक्यात बांधून ठेवल्या तर झाकण नीट बसेल ना.