उतारावरचा गिअर

काकू गाडी चालवायला शिकल्या त्या पन्नाशी उलटल्यावर, काकांची नजर अधू झाली म्हणून. काकांनी जन्मभर ट्रक चालवलेला, त्यामुळे शेजारी बसले की त्यांच्या तोंडाला विसावा नसे. क्लच सोड, हॉर्न दे, तो सायकलवाला बघ. शेवटी डोंगरापलीकडे लेकीकडे बाळ बघायला निघताना काकूंनी अट घातली: गाडीत अवाक्षर काढायचं नाही. काकांनी निमूट मान डोलावली.

चढ झकास पार पडला. इंजिन धापा टाकायला लागलं की काकू दुसरा गिअर टाकत, आणि गाडी शहाण्या बैलासारखी वर जाई. माथ्यावर आल्यावर त्यांना वाटलं, आता काय, उतारच तर आहे. त्यांनी चौथा टाकला आणि वळणावळणाला ब्रेक दाबत निघाल्या. काका खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे पाय खाली रेटून धरलेले होते.

थोड्या वेळानं जळका वास आला. मग ब्रेकवरचा पाय नेहमीपेक्षा खोल जायला लागला. रस्ता रुंद झाला तिथे काकूंनी गाडी कशीबशी कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला.

"अहो, बोला आता," त्या म्हणाल्या.

काका रागावले नाहीत. ब्रेक तापलेत, निवू दे, म्हणाले. दोघं कठड्यावर बसून संत्री खात राहिले. नवा ड्रायव्हर असताना आपणही असेच ब्रेक तापवून मालकाच्या शिव्या खाल्ल्या होत्या, हे काकांनी तेव्हा पहिल्यांदाच सांगितलं. काकू पोटभर हसल्या.

"ज्या गिअरनं चढलीस, त्याच गिअरनं उतर," काका म्हणाले. "गाडीला इंजिननं धरायचं. ब्रेक नुसता मदतीला."

ब्रेक पुन्हा घट्ट लागतोय हे बघून काकूंनी दुसरा टाकला. इंजिन कुरकुरलं, पण गाडी कुणी मागून धरल्यासारखी सावकाश उतरू लागली. मागून एक जीपवाला हॉर्न वाजवत आला. काकूंनी त्याला वाट दिली, आपली चाल सोडली नाही.

काका फारच गप्प वाटले, म्हणून त्यांनी हळूच बाजूला पाहिलं. दुसऱ्याच्या हातात गाडी असताना कधी डोळा न लागणारा हा माणूस मान टाकून घोरत होता.

लेकीच्या दारात गाडी थांबली तरी काकूंनी त्यांना उठवलं नाही. लेक बाहेर आली, तिला खुणेनं गप्प केलं आणि आधी बाळ स्वतःच मांडीवर घेतलं.