चमचाभर तीर्थ

गंगेवरच्या मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. संजीवनबाबा चौरंगावर बसले होते आणि त्यांच्या शेजारी उभे राहून आमचे ढुंढिराजकाका माझ्या नवऱ्याच्या वीर्यतपासणीचे दोन रिपोर्ट वाचत होते. माइकवरून. नावानिशी.

"हा पहिला. सगळे शुक्राणू मेलेले. आणि हा अकरा दिवसांच्या अनुष्ठानानंतरचा. जिवंत! लॅबचा शिक्का आहे, बघून घ्या."

"मुर्दों में जान डाल दी हमने," बाबा डोळे मिटून, मणिकर्णिकेच्या स्मशानाकडे हात करून म्हणाले. "मणिकर्णिका भी देखती रह गई."

लोक हात जोडत होते. मुकुल गळ्यात झेंडूचा हार घालून खाली बघत होता. मी मालविका, त्याची बायको. शाळेत गणित शिकवते, आणि माझी जीभ तिखट आहे असं सासरचे म्हणतात. त्या दिवशी मात्र मीही गप्प बसले, कारण रिपोर्ट खरे होते.

काका घाटावर यात्रेकरूंचे विधी करतात. मुकुलचे वडील गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवलं. रोज त्यांच्या पाया पडल्याशिवाय तो बँकेत जात नसे.

पहिल्या तपासणीच्या वेळी लॅबच्या बाथरूमला कडी नव्हती, बाहेर बाकावर ओळखीची माणसं. म्हणून पहिला नमुना मुकुलनं घरी दिला. तो गार पडू नये, तासाच्या आत पोचावा, म्हणून मी ती डबी ब्लाउजमध्ये अंगाच्या उबेत धरून ई-रिक्षात बसले. रिक्षा अडकली तेव्हा उतरून पळत सुटले. रिपोर्ट आला: सगळे मृत. तीन वर्षं मला वांझ म्हणणारं घर एकदम गप्प झालं. मुकुल जेवेनासा झाला. मग काकांनी बाबा आणले. हा घराण्याला लागलेला शाप आहे, अनुष्ठानानं उतरेल, असं बाबा म्हणाले.

दुसऱ्या रिपोर्टनंतर बाबांनी बजावलं होतं की डॉक्टरकडे गेलात तर शाप परतेल. आम्ही दीड वर्ष थांबलो. दिवस काही राहिले नाहीत. "बहू के मन में शंका है," बाबा म्हणाले. झालं, पुन्हा मीच. मला अडतिसावं लागलं, तेव्हा मुकुलला ओढतच डॉक्टर हिमानींकडे नेलं.

त्यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. "पहिला नमुना एवढा पातळ कसा? पाणी घातलं होतं का?"

"छे, काहीतरीच," मी म्हणाले.

मुकुल नखांकडे बघत म्हणाला, "चमचाभर गंगाजल होतं. काका म्हणाले, प्लास्टिकची डबी, कुणाकुणाचा हात लागलेला, शुद्ध करून देतो. लॅबला आणि मालविकाला सांगू नको म्हणाले."

"आणि दुसऱ्या वेळी?"

"बाबा म्हणाले, अब तीर्थ तेरे भीतर है. डबी कोरडीच नेली."

म्हणजे मी ऊर फुटेस्तोवर धावले तेव्हा माझ्या अंगाशी जे होतं ते घरातच संपलं होतं. आणि हा माणूस दीड वर्ष माझ्या शेजारी झोपून गप्प राहिला. मला रडू आलं नाही, नुसता संताप आला.

हिमानींनी नवा नमुना घेतला आणि आम्हाला काकांनाही बोलवायला लावलं. एक थेंब तसाच ठेवला, एकात गंगाजल, एकात कूलरचं पाणी. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यातले शुक्राणू वळवळत होते. बाकी दोन्हींतले थिजले होते.

"पाणी कुठलंही असो, ते आत शिरतं, शुक्राणू फुगतात आणि थांबतात. यात गंगेचा काही दोष नाही," हिमानी म्हणाल्या. "दुसऱ्या रिपोर्टात ते जिवंत आहेत, पण संख्या फार कमी आहे. मुकुलच्या अंडकोषातल्या नसा फुगल्यात. उपचार आहे. तेव्हाच आला असतात तर बरं झालं असतं."

काका बघायला वाकलेसुद्धा नाहीत. "ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "बाबांनी आधीच सांगितलं होतं, पाण्यानं मरतात. घरचं एक उदाहरण दिसलं की लोकांचा विश्वास बसतो. तुमचं काय गेलं? जिवंतच निघाले ना?"

"तुमच्या हातून घेतली होती मी ती डबी," मुकुल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मुन्शी घाटावर त्यानं स्वतः माइक घेतला. सगळं सांगितलं, आपल्या नसांसकट. मग हिमानींचा कागद वाचला: डबी लॅबचीच घ्या, कोरडी ठेवा, पाणी-तेल-साबण काही नको, तासाच्या आत पोचवा. बाबा उठून घाटावरच्या आपल्या खोलीत निघून गेले. पुढे बसलेल्या एका नवऱ्यानं पिशवीतून तपासणीची डबी काढली आणि तिच्यातलं तीर्थ पायरीवर ओतलं. काका वाटेतच उभे होते. मुकुल त्यांच्या पाया न पडता पुढे गेला.

आम्हाला मूल होईल का, ते हिमानीही छातीठोक सांगत नाहीत. तपासणीत लाज नाही, ती नवऱ्याचीही करा, आणि आधी करा. जे डॉक्टरला सांगू नका असं कुणी बजावेल, तेच डॉक्टरला पहिल्यांदा सांगा. आम्ही दीड वर्षानं सांगितलं.