थापा खाणारं फावडं

मी एक जुनं, पोचे पडलेलं फावडं आहे. कोलोरॅडोच्या बर्फाळ डोंगरांत स्की करणाऱ्या हेडलीबाईंच्या पाठपिशवीत माझा जन्म गेला. मित्रांनो, मी थापा मारत नाही हं, थापा खातो. हेडली बर्फात खड्डा खणते, त्याच्या भिंतीतून बर्फाचा एक खांब मोकळा करते, मला त्याच्या डोक्यावर ठेवते आणि थापा देते. आधी मनगटातून हलक्या, मग कोपरापासून, शेवटी खांद्यापासून दणकून. खांब किती जोराला मोडतो, त्यावरून उतारावरचा बर्फ कोसळेल का, त्यावर किती भरवसा ठेवायचा ते कळतं.

मी पडलो भोचक. कुठला थर कुठल्या वाऱ्याने आणला, तळाशी काय दडलंय, हे बघायची मला भारी हौस. तळाशी कधी कधी सुटं, दाणेदार हिम असतं. इथली माणसं त्याला साखर म्हणतात. मुठीत कितीही दाबा, गोळा होत नाही. तिच्यावर जाड थर बसला की एका माणसाच्या भारानेही अख्खा उतार निसटू शकतो.

गेल्या हिवाळ्यात हेडलीचा धाकटा भाऊ रॉस्को सोबत होता. समोरचा कोरा उतार बघून गडी हरखला. खड्डा त्यानेच खणला, खांद्यापासून थापा दिल्या, पण खांब ढिम्म हलला नाही. झालं! स्वारी स्की बांधायला लागली.

हेडलीने विचारलं, इथेच का खणलंस? तो म्हणाला, झाडांच्या आडोशाला वारा लागत नव्हता.

"आपण उतरणार तिकडे, खडकांजवळून, आणि तू विचारून आलास झाडांना?"

"तू म्हणजे ना, अगदी शंकेखोर म्हातारी झालीस."

"झाले. पण दोघांतल्या एकाने नाही म्हटलं की दोघंही परत, हे ठरलंय आपलं."

रॉस्को धुसफुसला. शेजारी त्या मोठ्या उताराच्याच दिशेला तोंड केलेला एक बुटका, बिनधोक चढ होता. तिथे हेडलीने पुन्हा खणलं. मनगटाच्या थापा चालू होत्या तोच वरचा थर वडीसारखा सरकून रॉस्कोच्या गुडघ्यांवर आला. मागोमाग साखर भुरभुरली. त्याने ती मुठीत दाबून पाहिली, गोळा होईना.

"गेलोच असतो गं मी," तो हळूच म्हणाला.

दोघं आल्या वाटेने परतली. तो मोठा उतार त्या दिवशी खरंच कोसळला असता का? माझा जीव अजून त्यात अडकलाय. पण ते कळायला रॉस्कोला त्यावर उभं करावं लागलं असतं. तसलं उत्तर मला नको.

मित्रांनो, गाडलेल्या माणसाला उकरून काढणं हेही माझंच काम आहे. ते मी अजून एकदाही केलेलं नाही. तेवढं मला शिकवू नका.