गडग्याच्या आतलं पाणी

“बाय, ह्या खड्ड्यात पाणी थांबायचं नाही,” बाबा म्हणाले होते. अलोऱ्याहून ते नातवाला बघायला आले होते आणि मी हौसेनं त्यांना आमची वाइनरी दाखवायला नेलं होतं. “हा जांभा दगड म्हणजे नुसता पाव. वरून ओतलंत की खालून गेलं. तळाला चिकणमाती चोपा, नाहीतर जाड प्लास्टिक तरी अंथरा.”

“बाबा, कोयनेच्या कॉलनीत जन्म गेला तुमचा. कुठं खड्डा दिसला की तुम्हाला धरणच वाटतं.”

आमचे मालक बापूशेठ मोठ्यानं हसले. बाबाही हसले. कडेवरचा चिनू माझे केस ओढत होता. विषय तिथंच राहिला.

हे सगळं ह्याच वर्षीचं, दोन हजार सहाचं. भाट्याच्या वरच्या सड्यावर, उघड्या कातळात, बापूशेठ जांभळाची वाइन करतात. मी बी.एस्सी. झालेली, तिथं मालाची गुणवत्ता बघायचे. परदेशातल्या एका व्यापाऱ्याला वाइन आवडली होती, पण त्याला आधी प्रमाणपत्र हवं होतं. ही वाइन करताना जमिनीचं, पाण्याचं, माणसांचं नुकसान होत नाही, असं. त्यातली सगळ्यात अवघड अट सांडपाण्याची. टाक्या धुतलेला एक थेंबही आवाराबाहेर जाता कामा नये. म्हणून तो खड्डा.

मे महिन्यात जांभळं आली, टाक्या भरल्या, रिकाम्या झाल्या, धुतल्या गेल्या. जांभळट, आंबूस पाणी संध्याकाळी खड्ड्यात सोडायचं आणि सकाळी बघावं तर खड्डा कोरडा. “ऊन बघा कसलं आहे, सगळं आटतंय,” बापूशेठ म्हणायचे. मीही तसंच म्हणायचे. फाटकातून थेंब बाहेर जात नव्हता, माशा नव्हत्या, घाण नव्हती. आणखी काय हवं?

आवाराभोवती चिरे रचून घातलेल्या गडग्यापलीकडे उतार होता, आणि उतारावर रहिमाचं घर. नवरा फारुक कुवेतला. घरात ती आणि तिची महरीन, चिनूहून थोडी लहान. मी कामावर असताना चिनू तिच्याकडेच असायचा. त्याच्याबरोबर मी दुपटी द्यायचे, मऊ भात द्यायचे आणि घरून उकळून गाळून आणलेलं पाणी द्यायचे.

“आलं का राजांचं पाणी?” रहिमा रोज चिडवायची. “आमची विहीर कडू आहे काय गो? आजेसासूपासून सगळे हेच पिऊन वाढले.”

“तसं नाही गं. डॉक्टरांनी सांगितलंय.”

“तुझ्या डॉक्टरला एकदा घेऊन ये. सोलकढी करून घालते, ह्याच पाण्याची.”

एका दुपारी चिनूला न्यायला गेले तर ती पायरीवर कळशी घेऊन बसली होती. “ये गो, वास घेऊन बघ. आंबलेल्या माडीसारखा येतोय, दारूचा. आमच्याकडे जे हराम, ते आता विहिरीतूनच यायला लागलंय.” ती हसत होती.

मी कळशीवर वाकले. मला दुसऱ्यांदा वास घ्यावा लागला नाही. रोज सकाळी आमच्या टाक्यांची झाकणं उघडली की हाच वास यायचा.

“रहिमा, हे पाणी ओतून टाक. कधीपासून येतोय वास?”

“झाले असतील आठेक दिवस. का गो?”

“महरीन कुठाय?”

“आत निजलीय. पोट बिघडलंय तिचं परवापासून. दात येतायत ना.”

आत जाऊन बघितलं. पोर रडत नव्हती. डोळे अर्धे उघडे, टाळू आत गेलेली. मी रिक्षा बोलावली. सलाईन लागली. डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यात लहान मुलांना असं होतं, पाण्यामुळेच झालं असं सांगता येत नाही. त्या एका वाक्याला मी धरून बसले होते. रहिमानं मला तसं बसू दिलं नाही. वॉर्डाबाहेरच्या बाकावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुझ्या लेकराला तुझं पाणी. माझ्या लेकराला तुमचं.”

दुसऱ्या दिवशी बापूशेठना सांगितलं. “आई झाल्यापासून तुला प्रत्येक पाण्यात साप दिसतो,” ते म्हणाले. “परवा प्रमाणपत्रासाठी पुण्याचे ऑडिटर येतायत. ते जाऊ देत, मग बघू.”

ऑडिटर आले. शांत, सभ्य माणूस. कोरड्या खड्ड्याच्या काठावर उभे राहून म्हणाले, “छान. वाससुद्धा नाही.”

“सर, हे पाणी आटत नाही, मुरतं,” मी म्हटलं. “खालच्या विहिरीत जातं. चला ना, गडग्यापलीकडेच आहे. एक बाळ दवाखान्यात आहे.”

त्यांनी गडग्यावरून खाली बघितलं. रहिमाचं बंद दार, विहिरीचा काठ, दोरीवर वाळत राहिलेलं झबलं. मग बापूशेठना विचारलं, “ती विहीर तुमच्या आवारात येते?”

“नाही, नाही. ती त्यांची खासगी.”

“मग आमच्या कक्षेत येत नाही, मॅडम. आम्हाला हद्दीच्या आतलंच बघता येतं. तुम्ही ग्रामपंचायतीकडे तक्रार करा.” हे ते हळू आवाजात म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, हे मला दिसत होतं.

मी तक्रार केली. पंचायतीचा माणूस येऊन बाटलीत पाणी भरून घेऊन गेला, तोवर पाऊस लागला होता. विहीर काठोकाठ भरली होती आणि पाण्यात काही सापडलं नाही. वाइनरीला प्रमाणपत्र मिळालं. बापूशेठनी खड्ड्यात प्लास्टिक अंथरलं आणि मला म्हणाले, “झालं समाधान?” मी नोकरी सोडली.

महरीन वाचली. पण दवाखान्यातून आली ती वाळून आली. चिनू भिंतीला धरून उभा राहायला लागला, तेव्हा ती बसतही नव्हती. गणपतीच्या सुमाराला रहिमानं घराला कुलूप लावलं. मला न सांगता. फारुकभाईंचा नंबर लावला तर आवाज ओळखून फोन ठेवला गेला.

कुणी सांगतं, ती राजिवड्यात मावशीकडे आहे. मी दोनदा जाऊन आले. दार उघडलं नाही, आतून मूल रडल्याचाही आवाज आला नाही, आणि त्यानं मला जास्तच धास्ती वाटते. माझ्यासाठी ते दार उघडणार नाही, हे मला कळतं. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला राहत असाल, मासळी आणायला जात असाल, तर एकदा डोकावा. रहिमा विचारा, फारुकची बायको. माझं नाव काढू नका. पोरगी आता बसते का, काही खाते का, एवढं फक्त बघून या.