कंटाळ्याची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, बुटकी, लाकडी खुर्ची आहे आणि माझा जन्म कंटाळ्यातून झाला. अगदी खरं सांगते. या घराचे दरवाजे बसवायला एक सुतार आला होता. दरवाजे तासून तयार होते, पण चौकटींचा रंग वाळत नव्हता, आणि रंग वाळल्याशिवाय हात लावायचा नाही अशी रंगाऱ्याची ताकीद होती. सुतार बिचारा जांभया देत बसला. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात. हा रिकामा सुतार उरलेल्या लाकडांना खिळे ठोकू लागला आणि दिवस मावळायच्या आत मी चार पायांवर उभी राहिले. बसायच्या जागी फळी कमी पडली, म्हणून त्याने दोनच पट्ट्या जरा अंतर ठेवून ठोकल्या. मधे बोटभर फट राहिली. घरात लवकरच बाळ येणार होतं. लहान मुलाला चालेल, असं म्हणून तो मला ठेवून गेला.

तेव्हापासून मला एकच कुतूहल आहे. हा कंटाळा असतो तरी कसा? माझ्यासारखी धडधाकट खुर्ची ज्याच्या पोटी जन्माला येते, त्याला माणसं एवढी घाबरतात का?

या घरात आई पडदे शिवते. तिचं शिलाई मशीन समोरच्या खोलीत, खिडकीपाशी आहे. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. खांद्याला हत्यारांची पिशवी अडकवून सकाळी बाहेर पडतात आणि हाताला ग्रीसचा वास घेऊन परत येतात. आणि त्यांची एकुलती एक मुलगी. तिचं नाव काहीही असो, सगळे तिला भिंगरी म्हणतात, कारण तिचा पाय घरात ठरत नाही. माझ्यावर चढून तिने खिडकीतून पहिल्यांदा रस्ता पाहिला. मला ढकलत ढकलत ती चालायला शिकली. माझ्या फटीत तिने पेन्सिली, चमचे आणि एकदा स्वतःचं बोटही अडकवलं. ते माझे सुखाचे दिवस होते.

भिंगरी बोलायला लागली आणि थोड्याच दिवसांत ‘कंटाळा आला’ म्हणायलाही शिकली. ते दोन शब्द ऐकले की आईबाबांची जी धांदल उडायची ती बघण्यासारखी असायची. बाबांना तो लिफ्टचा बिघाडच वाटायचा. आधी पेच घट्ट करून बघायचा, नाही जमलं तर भाग बदलायचा. रंग आणले, ठोकळे आणले, नाचाचा क्लास लावला. आईला फट दिसली की ती शिवून टाकायची सवय, मग ती पडद्यात असो की दिवसात. काहीच लागू पडलं नाही की शेवटी मोबाइल हातात यायचा. घर शांत व्हायचं आणि मोबाइल काढून घेतला की पुन्हा डोक्यावर घेतलं जायचं. दोघांच्या नाकी नऊ आले होते.

या गडबडीत एक गुबगुबीत गोल फिरणारी खुर्ची घरी आली आणि माझी रवानगी गॅलरीत झाली. माझ्यावर एक कुंडी ठेवली. पाणी घातलं की ते फटीतून खाली ठिबकायचं. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. मला वाईट वाटायचं, पण आतलं बोलणं ऐकू यायचं, तेवढाच विरंगुळा होता.

मग एक दिवस शाळेत पालकांची सभा झाली. तिथे एका बाईंनी सांगितलं, मुलांना कंटाळू द्या, त्यातूनच त्यांना काहीतरी सुचतं. आईबाबा घरी आले ते जणू गुरुमंत्र घेऊनच. माझ्यावरची कुंडी उतरली, मला ओल्या फडक्याने पुसलं आणि मशीनशेजारी ठेवलं. यापुढे कंटाळा आला की भिंगरीने माझ्यावर येऊन बसायचं, असं ठरलं. ना मोबाइल, ना ठोकळे. आई हसून म्हणायची, "छान. येऊ दे. कंटाळा चांगला असतो." बाबाही तेच म्हणायचे. मला मात्र मनातून फार आनंद झाला. इतकी वर्षं ज्याच्याबद्दल कुतूहल होतं, तो कंटाळा आता रोज माझ्या मांडीवर येऊन बसणार होता.

आणि खोटं कशाला बोलू, तो मजेशीर निघाला. भिंगरी आधी पाय हलवायची, मग सुस्कारे टाकायची, मग माझा रंग नखाने खरवडायची. मग कधीतरी नजर कुठल्यातरी वस्तूवर थांबायची. एकदा ती उतरून पोटावर पालथी झाली आणि माझ्या चार पायांमधली जागा बघत राहिली. तिने आईच्या पेटीतला दोरा घेतला, माझ्या फटीतून खाली सोडला आणि टोकाला काड्यापेटी बांधली. काड्यापेटी वर, काड्यापेटी खाली. माझ्या पोटात लिफ्ट सुरू झाली. बाबा घरी आले तेव्हा हत्यारांची पिशवी न उतरवताच जमिनीवर बसले आणि लिफ्टमध्ये एकदम किती गोट्या चढवायच्या यावर दोघांचा बराच वाद झाला. पुढे येईल त्या पाहुण्याला ही लिफ्ट दाखवली गेली. कंटाळ्याचं गणित सुटलं, असं आईबाबांना वाटलं. मलाही वाटलं.

पण काही आठवड्यांनी भिंगरी वेगळीच बसू लागली. संध्याकाळ झाली, खालच्या अंगणातून मुलींचा आवाज आला की ती माझ्यावर येऊन बसायची. पाय हलत नव्हते. नखं चालत नव्हती. ती नुसती जड बसायची, आणि माझ्या पट्ट्यांना ते ओझं तिच्या वजनापेक्षा जास्त वाटायचं. "कंटाळा आला," ती म्हणायची. "छान. येऊ दे," आई म्हणायची आणि मशीन पुन्हा घरघरायचं. कधी आई खाली खेळायला जा म्हणायची. मग भिंगरी आणखीनच आकसून बसायची.

हा कंटाळा नव्हता, मित्रांनो. मला कळत होतं. पण मग काय होतं? माझा जीव नुसता टांगणीला लागला. आईने एकदा मान वळवून नीट बघावं, एवढंच मला हवं होतं. आई वाईट नव्हती. तिला उत्तर सापडलं होतं, आणि सापडलेलं उत्तर माणसं सहजासहजी सोडत नाहीत.

एका संध्याकाळी मशीनचा पट्टा तुटला. नवा पट्टा सकाळशिवाय मिळणार नव्हता. पडद्यांचा ढीग तसाच पडला आणि आई भिंतीला टेकून जमिनीवर बसली. रिकाम्या हातांचं काय करावं ते तिला कळेना. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आज फार कंटाळा आलाय गं."

माझ्यावर बसलेली भिंगरी म्हणाली, "छान. येऊ दे. कंटाळा चांगला असतो."

तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. अगदी आईसारखंच, आईच्याच सुरात. आई आधी हसली. मग तिचं हसू विरलं.

"मी असं म्हणते तेव्हा तुला काय वाटतं?" तिने विचारलं.

भिंगरीने विचार केला. "विषय संपला, असं वाटतं."

आई सरकत माझ्याजवळ आली. तिने भिंगरीचे पाय मांडीवर घेतले. तेव्हा भिंगरी म्हणाली, "मला कंटाळा येतच नाही, आई. मला कुणी खेळायला घेत नाही."

मग सगळं बाहेर आलं. काही दिवसांपूर्वी भिंगरी आणि खालच्या मुली लपंडाव खेळत होत्या. सगळ्यांत लहान मुलगी, जिला खेळात लिंबूटिंबू म्हणून घेतात, ती गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीत लपायला निघाली. तिथे केवढी मोठी चाकं फिरतात आणि तिथे कुणीही का जायचं नाही, हे भिंगरीला बाबांनी कितीदा तरी सांगितलं होतं. तिने धावत जाऊन वॉचमनकाकांना आणलं. मुलगी वाचली, खोलीला कुलूप लागलं, गच्चीही बंद झाली आणि मोठ्या मुलींना घरी बोलणी बसली. तेव्हापासून भिंगरी चुगलखोर. राज्य कुणावर हे ठरवताना मुली तिला वगळूनच मोजायच्या.

तेवढ्यात बाबा आले. ऐकल्यावर ते दारातूनच वळले. आत्ताच्या आत्ता खाली जाऊन एकेकीला विचारतो म्हणाले. भिंगरीचा चेहरा पडला. हे असं होईल म्हणूनच तर ती मूग गिळून बसली होती. आईने बाबांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. दुरुस्त करायची एवढी सवय असलेला माणूस, पण हातात धरायला पाना नव्हता.

"पुन्हा तसंच झालं तर पुन्हा सांगशील?" त्यांनी शेवटी विचारलं.

"सांगीन. पण मग पुन्हा एकटी पडेन."

"तेव्हा आम्हालाही सांग. आमच्याकडे उत्तर नसलं तरी सांग."

भिंगरी रडली. खूप रडली, आणि माझ्या पट्ट्यांवरचं ओझं हळूहळू कमी झालं.

मुलींचा राग लगेच गेला नाही. त्या दिवसांत आई संध्याकाळी मशीन बंद ठेवून भिंगरीजवळ बसायची. कधी दोघी बोलायच्या, कधी नुसता खिडकीतून रस्ता बघायच्या. मग एकदा ती लिंबूटिंबूच दारात आली आणि ताई येतेस का म्हणाली. भिंगरी चप्पल न घालताच पळाली. सगळ्यांत मोठी मुलगी अजूनही तिच्याकडे पाठ फिरवते. तो प्रश्न तसाच आहे, पण आता तो घरात सगळ्यांना माहीत आहे.

मित्रांनो, कंटाळा म्हणजे नेमकं काय, हे मला अजूनही पुरतं कळलेलं नाही. कधी त्यातून लिफ्ट निघते, कधी माझ्यासारखी खुर्ची निघते, आणि कधी त्याच्या आड एखादं मूल लपून बसलेलं असतं, कुणीतरी शोधावं म्हणून. तेव्हा तुमच्याजवळ येऊन कुणी कंटाळा आला म्हणालं, मग ते धाकटं भावंड असो की तुमची आई, तर उत्तर द्यायची घाई करू नका. आधी जवळ बसा आणि काय झालं ते विचारा. माझ्यावर बसलेल्या त्या मुलीचं दुःख मला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. पण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.