दुसरा ब्रेक

रिमोटची गाडी खेळण्यांच्या फडताळाकडे सुसाट निघाली, तसा बाबांचा उजवा पाय दुकानाच्या फरशीवर जोरात आपटला. फरशीला ब्रेक नव्हता. गाडी फडताळावर आदळली, उलटी झाली आणि चारही चाकं हवेत फिरवत पडून राहिली.

"पाय का आपटलात हो?" दुकानवाल्या मावशींनी विचारलं.

"सवय आहे त्यांची," भिंगरी म्हणाली. "आईनं भाजीत मीठ जरा जास्त टाकलं तरी आपटतात."

बाबा लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. शिकणारा स्टिअरिंगवर बसायचा, बाबा शेजारी. आणि बाबांच्या पायाखाली एक दुसरा ब्रेक असायचा, शिकणाऱ्याचा पाय चुकलाच तर दाबायला. त्या ब्रेकवर पाय ठेवून अर्धं आयुष्य गेलेलं. त्यामुळे समोरून काहीही वेगानं निघालं, मग ते मांजर का असेना, की त्यांचा पाय आपसूक खाली जायचा. गल्लीत त्यांना ब्रेकमास्तर म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं.

भिंगरीला मात्र आवडत नसे. मागच्या सुट्टीत बाबांनी तिला सायकल शिकवायला घेतली आणि सगळा घोटाळा झाला. बाबांनी मागून सीट धरली ती धरलीच. "सोडा ना," "सोडतो हं," "सोडलीत?" "सोडली, सोडली," असं म्हणत ते तिच्यामागे धापा टाकत पळत राहिले. एकदा तिनं मान वळवून पाहिलं, तर सोडली म्हणणारा माणूस दोन्ही हातांनी सीट घट्ट आवळून पळतोय! ती तिथंच उतरली, सायकल ढकलत घरी आणली आणि आईला म्हणाली, "मला बाबांबरोबर काहीही शिकायचं नाही." तेव्हापासून ती सायकल बोळकांडीत उभी होती आणि तिच्यावर टॉवेल वाळत होते.

हे बाबांच्या फार जिव्हारी लागलं होतं. साऱ्या गावाला गाडी शिकवणाऱ्या माणसाला पोटची पोर सांगते, तुमच्याबरोबर नको. रिमोटच्या गाडीची कल्पना त्यातूनच निघाली. दोघांनी मिळून करता येईल असं काहीतरी त्यांना हवं होतं. ही शेवटची संधी, असं त्यांनी मनाशी धरलं होतं, आणि म्हणून सकाळपासून ते उगाचच मोठमोठ्यानं बोलत होते.

मावशींनी उलटी गाडी सरळ केली आणि खोक्यात ठेवली.

"ही नको तुम्हाला. दिसायला देखणी आहे, पण पोट जमिनीला घासतं. गुळगुळीत फरशीवर पळेल, गवतात गेली की रुसून बसेल."

"मग ती छोटी?" बाबांनी बोट दाखवलं.

"ती घरात ठीक. जरा जोरात वळवलीत की लोळण घेते. आठवडाभरात कपाटावर जाऊन बसेल बघा."

भिंगरीची नजर केव्हाच वरच्या फळीवर गेली होती. तिथं एक निळी गाडी होती. चाकं अंगाच्या मानानं अवाढव्य, जणू मोठ्या भावाचे बूट घातलेत. मावशींनी ती खाली काढली आणि दोन्ही हातांनी दाबून दाखवली. चाकांच्या वरच्या स्प्रिंगा दबल्या आणि परत वर आल्या.

"ही घ्या. फरशी, गवत, खडी, चिखल, कुठंही जाते. रिमोटवरचं हे बटण फिरवलं की वेग कमी करून ठेवता येतो. हात बसला की वाढवायचा. आणि आपटलीच तर सुटे भाग माझ्याकडे मिळतात. आपटणार तर आहेच!"

"कशाला आपटेल?" बाबा म्हणाले. "द्या इकडे. गाडी म्हणजे शेवटी गाडीच."

बाबांनी रिमोट हातात घेतला. दूर जाताना गाडी छान गेली. परत येताना बाबांनी डावीकडे वळवली आणि ती उजवीकडे वळली. त्यांनी आणखी डावीकडे वळवली. गाडी मावशींच्या स्टुलाखालून गेली, झाडूला धडकली आणि कोपऱ्यात तोंड खुपसून घरघरत राहिली. बाबांचा पाय तेवढ्यात तीनदा आपटून झाला होता.

भिंगरी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "अहो बाबा, गाडी तुमच्याकडे तोंड करून येतेय ना, मग तिचं डावं वेगळं! तुम्ही आत बसलाय असं समजा."

"मी आतच बसतो गं नेहमी. बाहेरून कुठं चालवलीय मी कधी?"

मग तिनं रिमोट घेतला. पहिल्या फेरीत गाडी भिंतीला घासली, दुसऱ्या फेरीत वाचली आणि तिसऱ्या फेरीत तिनं गाडी स्टुलाच्या पायांमधून आरपार नेली. बाबा बघतच राहिले. त्यांना पोरीचं कौतुक वाटलं आणि पायही आपटला, दोन्ही एकदमच.

"वेग जरा आवर. आवर म्हणतो ना!"

मावशींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग काउंटरखालून दुसरा एक रिमोट काढला. त्यावर एकच लाल बटण होतं. "तुमच्यासारख्यांसाठी हाही येतो हिच्याबरोबर. चालू असला की हिरवा दिवा लागतो. पोरांची गाडी कुठं आदळायला लागली की मोठ्यांनी हे दाबायचं. गाडी जागच्या जागी उभी."

बाबांचा चेहरा उजळला. "म्हणजे दुसरा ब्रेक!"

भिंगरीचा चेहरा पडला. "गाडी हीच हवी. तो लाल रिमोट नको."

"नुसता हातात धरीन. अगदी गरज पडली तरच दाबीन."

"सायकल सोडली म्हणाला होतात, तसं?"

बाबांनी मावशींकडे पाहिलं, तर त्या खोकं बांधण्यात फारच गुंगून गेल्यासारख्या दिसत होत्या. लाल रिमोट खोक्यात गेला. घरी येताना खोकं भिंगरीनं बाबांनाच उचलू दिलं आणि स्वतः दोन पावलं पुढं चालत राहिली.

आईनं दारातच विचारलं, "सेल आणलेत का?"

"कसले सेल?"

"अहो, स्वयंपाकघरातल्या घड्याळाचे! किती दिवस झाले सांगतेय. त्या बंद घड्याळानं परवा माझं दूध उतू गेलं."

"उद्या आणतो," बाबा म्हणाले. हे त्यांनी याआधीही म्हटलं होतं. आईनं फक्त भुवई वर केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक शाळेमागच्या मैदानावर गेले. मैदान असं की गाडीला सगळे धडे एकाच जागी मिळावेत. मध्ये गवत, कडेनं खडीची वाट, नळाजवळ कायमचा चिखल आणि पलीकडे एक उतार, त्याच्या पायथ्याशी पाण्याच्या टाकीची भिंत.

भिंगरीनं गाडी खाली ठेवली. बाबांनी लाल रिमोट दोन्ही हातांत धरला आणि पाय जरा फाकवून उभे राहिले. त्यांची नजर गाडीवरून हलेना. नजर रस्त्यावर, हातापायांकडे बघायचं नाही, हा त्यांचा शिकणाऱ्यांना पहिला धडा असायचा. भिंगरीनं मात्र एकदा त्यांच्या हातांकडे पाहिलं आणि मग त्यांच्या चेहऱ्याकडे.

"तयार?" तिनं विचारलं.

"मी केव्हाचाच तयार आहे."

गाडी गवतातून उड्या मारत गेली. खडीवर तिनं मागचा भाग झोकात फिरवला. नळाजवळ एक कुत्रं निवांत पडलं होतं. बाबांनी बटण दाबलं, आणि गाडी कुत्र्याच्या शेपटीशी येऊन थांबली. कुत्र्यानं एक डोळा उघडला आणि मिटला.

"पाहिलंस?" बाबा म्हणाले. "वेळेवर दाबलं की नाही!"

"हो, दाबलंत खरं."

चिखलाजवळ बाबांनी पुन्हा दाबलं. गाडी हळू झाली आणि काठाकाठानं निघून गेली. बाबा खूश. आता ते तिला मधूनमधून शाबासकीही द्यायला लागले. "वळव, छान! मोकळी सोड आता. अगं, काय वळवलीस!" त्यांचा आवाज चढत गेला. पलीकडे क्रिकेट खेळणारी पोरं खेळ सोडून बघायला आली, तेव्हा ते त्यांना म्हणाले, "माझी मुलगी आहे." कुणी विचारलं नव्हतं.

मग भिंगरीनं वेगाचं बटण फिरवलं आणि गाडी उताराला लावली.

बाबांनी दाबलं. गाडी थांबली नाही. त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, शिवाय पायही आपटला. गाडी एका उंचवट्यावरून उडाली, क्षणभर कशालाच न टेकता गेली, खाली पडून चेंडूसारखी उसळली आणि टाकीच्या भिंतीच्या अगदी जवळ जाऊन वळली. सगळी पोरं ओरडली. भिंगरी ओरडली. बाबा तर सगळ्यांपेक्षा जोरात ओरडले, आणि ते ओरडणं भीतीचं नव्हतं, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

"मला जरा उशीर झाला दाबायला," ते म्हणाले.

"असू दे हो बाबा. होतं असं," भिंगरी म्हणाली आणि त्यांच्या कमरेला बिलगली. किती दिवसांनी! घरी येताना खोकं दोघांनी दोन बाजूंनी धरलं होतं.

दुपार कलल्यावर बाबा गाडी पुसायला बसले. वस्तू वापरून झाली की सेल काढून ठेवायचे, हा त्यांचा नियम. लाल रिमोटचं मागचं झाकण त्यांनी सरकवलं. दोन सेलांच्या जागेत एकच सेल होता.

स्वयंपाकघरातून आवाज येत होता. टिक, टिक, टिक. कित्येक दिवसांत तो आवाज त्यांनी ऐकला नव्हता.

"अगं," त्यांनी हाक मारली, "घड्याळ कधी सुरू झालं?"

"कालच!" आई आतून म्हणाली. "तुम्ही आंघोळीला गेलात ना, तेव्हा. त्या नव्या खोक्यातल्या लाल रिमोटात दोन सेल होते, एक घेतला. तुमच्या उद्याची वाट बघत बसले असते तर म्हातारी झाले असते मी."

बाबांना आधी घाम फुटला. उतार, टाकीची भिंत, ते निवांत कुत्रं, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. कुठंच ब्रेक नव्हता. कुत्र्याशी गाडी थांबवली ती तिनं. चिखलाशी हळू केली ती तिनं. आणि ते मात्र बटण दाबत, स्वतःची पाठ थोपटत उभे होते. मग त्यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. आई पदराला हात पुसत बाहेर आली, तर हा माणूस रिमोटचं झाकण हातात घेऊन एकटाच डोळे पुसतोय.

"काय झालं हो?"

"काही नाही. घड्याळातला सेल तिथंच राहू दे."

त्यांनी झाकण लावलं, रिमोट खोक्यात ठेवला आणि उठून बोळकांडीत गेले. सायकलवरचे टॉवेल काढले, चाकांत हवा भरली, साखळीला तेल दिलं. पंपाचा आवाज ऐकून भिंगरी दारात आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर हो पण होतं आणि नाही पण.

"बाहेर अजून उजेड आहे," बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले. "येतेस का?"

ती वळून आत गेली. बाबांचा पंप हातातच राहिला. झालं, गेली, असं त्यांना वाटलं. पण ती परत आली तेव्हा तिच्या हातात लाल रिमोट होता. तिनं तो त्यांच्यापुढे धरला.

"हा घ्या. दोन्ही हातांनी धरायचा. सीटला हात लावायचा नाही."

बाबांनी रिमोट घेतला. पोरीशी आता खोटं बोलायचं नव्हतं.

"भिंगरे, यात एक सेल कमी आहे गं."

"माहितीये," ती सायकल बाहेर काढत म्हणाली. "सकाळी दिवा कुठं लागला होता?"